आठशे रुपयांचा तराजू

“किती वाजता गेला तराजू?” हवालदार भीमरावांनी विचारलं.

“बाराच्या टायमाला. पाणी प्यायला गेले, परत आले तर जागेवर न्हाई. वजनं बी न्हाईत.”

चंद्रभागाबाई हडपसरच्या बाजारात भाजी विकत. वय सत्तरीच्या पुढे. बाजारामागची ती एका खोलीची पोलीस चौकी. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि त्यापुढे शिपाई तनुजा, नोकरीचं दुसरं वर्ष. चंद्रभागाबाईंना खुर्ची दिली होती, पण त्या बसल्या नव्हत्या. हाताला लागलेली माती पदराला पुसत उभ्या होत्या.

“कुणावर संशय?”

“डोळ्यानं बघितलं न्हाई, नाव कसं घेऊ? पितळ हाय, भंगारातच गेलं असल. नाल्याकडं दोन दुकानं हायेत. उद्या सकाळी त्यांचा टेम्पो भरतो. त्याच्या आधी बघा. एकदा भट्टीत पडलं की तराजू काय आन् घंटा काय.”

“किती जुना?”

“सासूबाईंचा. हडपसर गाव व्हतं तवाचा. आता जिथं मॉल हाय ना, तिथली वांगी ह्याच पारड्यात पडली.”

“किंमत?”

“आठशे.”

तनुजाची बोटं थांबली. तिनं भीमरावांकडे पाहिलं. भीमरावांनी खुर्ची पुढे ओढली.

“मावशी, नीट ऐका. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र. म्हणजे आम्ही नुसती नोंद करायची. कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. त्या दोन दुकानांत मला पाय ठेवता यायचा नाही.”

“मग?”

“मग पुन्हा विचारतो. जुनं पितळ, हाताची घडण. किंमत किती?”

“आठशे.”

“अहो, आठ हजार म्हणा! एका शून्याचा तर प्रश्न आहे. आत्ता उठतो आणि दोन्ही दुकानं उलटीपालटी करतो.”

भीमराव हे मनापासून सांगत होते. त्यांच्या घरची भाजी चंद्रभागाबाईंकडूनच येत होती.

“हवालदार, तुमची बायको माझ्याकडं पावशेर मिरची घेती. तिला मी कधी अर्ध्या किलोचे पैसे सांगितले का?”

“ते वेगळं.”

“कसं?”

भीमरावांनी खुर्ची मागे सरकवली. ते जरा चिडले. “तुमचं भलं सांगतोय मी. तराजू तुमचा गेलाय, माझा नाही.”

चंद्रभागाबाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तराजू अचूक असल्याचा वजनमापे खात्याचा दाखला होता. घडीवर झिजला होता, पण तारीख यंदाची होती.

“समद्यांकडं बटणाचे काटे आले. तरी बायका तीन गाळे सोडून माझ्याकडं येत्यात. आता खोटं लिवून आणलेल्या तराजूत त्यांना काय तोलून देऊ?”

“आणि नाहीच मिळाला तर?”

“तर जुड्या विकीन. मेथी, पालक, कोथमीर. तोलायचं काही ठेवणारच न्हाई.”

हे त्या सहज म्हणाल्या आणि कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला.

भीमरावांनी तनुजाला हातानं खूण केली. तिनं टाइप करून मोठ्यानं वाचून दाखवलं. “‘पितळी पारड्यांचा एक तराजू व लोखंडी वजने, किंमत अंदाजे आठशे रुपये.’”

“अंदाजे काढ, पोरी.”

“आजी, तसंच लिहितात.”

“मी अंदाजे सांगितलं न्हाई.”

तनुजानं तो शब्द काढला. चंद्रभागाबाईंनी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत सही केली, तक्रारीची प्रत घडी करून दाखल्याबरोबर ठेवली आणि निघाल्या. “चलते. मेथी सुकती,” एवढंच म्हणाल्या.

भीमरावांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजत होते.

“तनुजा, कोर्टाला पत्र टाइप कर. या तक्रारीत तपासाची परवानगी पाहिजे म्हणून. साहेबांची सही मी घेतो.”

“आठशे रुपयांसाठी? सर, अशी परवानगी कुणी मागितलेली मी तरी पाहिली नाही.”

“मी बावीस वर्षांत पाहिली नाही. कर.”

“साहेब हसतील.”

“हसू देत. कोर्ट सुटायच्या आत पोहोचायचंय मला.”

तनुजानं नवीन पान उघडलं. वरचा मजकूर भराभर टाइप झाला. मग ती थांबली. “परवानगी का मागतोय, ते लिहावं लागेल. कारण काय लिहू?”

भीमरावांनी टोपी उचलली, पुन्हा टेबलावर ठेवली.

“लिही. फिर्यादीस किंमत वाढवून सांगण्याचे सुचविले असता तिने नकार दिला.”

तनुजाचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. “सर, मग विचारतील ना, सुचवलं कुणी?”

“विचारणारच.” त्यांनी खिळ्यावरची मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. “माझं नाव लिही. पूर्ण लिही. बक्कल नंबरासकट.”