एक पायरी

"मला एक पायरी पायजे," मैनाबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आपल्या भागासाठी काय हवं ते नागरिकांनी येऊन सांगावं, असं वॉर्ड ऑफिसनं कळवलं होतं. सकाळपासून सभागृहात उद्यान मागून झालं होतं, जॉगिंग ट्रॅक मागून झाला होता, एकानं तर तरणतलाव मागितला होता. त्यामुळे कनिष्ठ अभियंत्याला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली.

"जिना म्हणताय का, आजी?"

"जिना न्हाय. पायरी. एकच."

मैनाबाईंचं गाव शहरात आलं आणि आयटीतल्या गाड्यांची वर्दळ वाढली, तसा गावठाणापुढचा रस्ता सिमेंटचा झाला. रस्ता झकास झाला, त्याबद्दल मैनाबाईंची काही तक्रार नव्हती. पण रस्ता वर गेला आणि त्यांची गल्ली राहिली खाली. तरणी माणसं टांग टाकून वर जात. मैनाबाई हातावर भार देऊन कशाबशा चढत. त्यांच्या जाऊबाईंना, दुर्गाबाईंना, गुडघ्यांमुळं तेही जमेना. ज्या दुर्गाबाई जन्मभर पहाटेच्या टेम्पोनं मार्केट यार्डात भाजी घेऊन गेल्या, व्यापाऱ्यांशी भांडल्या, त्या रस्ता झाल्यापासून गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरत होत्या.

"अहो, मग चार दगड रचा की," मागून कोणी तरी म्हणालं.

"रचलं व्हतं. खाली गटार हाय. ते साफ करायला दगड काढावं लागत्यात. आन् ऱ्हायलं तरी डुगडुगत्यात."

"घरातल्यांनी उचलून न्यावं."

"पोरं तयार हायत. जाऊच ऐकत न्हाय. म्हणती, उचलून न्यायचं ते एकदाच. त्याला आजून येळ हाय."

सभागृहात हसू पिकलं. अभियंताही हसला, पण लगेच त्याचा चेहरा पडला. "आजी, खरं सांगू का? एवढ्याशा कामाला अंदाजपत्रकात वेगळी तरतूद नाही करता येत. काम फारच लहान आहे."

"म्हंजे मोटं मागायला पायजे व्हतं?"

पहिल्या रांगेत बसलेले तात्याराव उठले. निवृत्तीनंतर एकही सभा न चुकवणारे गृहस्थ. आवाज न चढवता ते म्हणाले, "बरोबरच आहे साहेबांचं. बाईंनी उड्डाणपूल मागायला हवा होता. लगेच मिळाला असता. बांधून झाल्यावर त्याची एक पायरी वापरली असती, बाकीचा आपण ठेवून घेतला असता."

आता हशा आवरेना. मैनाबाईंना मात्र कळेना, आपण हसावं की खाली बसावं. घरी जाऊन दुर्गाबाईंना काय सांगायचं, या विचारात त्या खुर्चीकडे वळल्या, तेवढ्यात मधल्या रांगेतून एक मुलगी उठली.

"सर, मी नम्रता. समोरच्या नव्या सोसायटीत राहते. मी खरं तर जॉगिंग ट्रॅकसाठी आले होते." ती मैनाबाईंकडे बघत होती. "पण आमच्या गेटबाहेर फुटपाथ इतका उंच आहे की माझी आई वर्ध्याहून आली की गेटपर्यंतच फिरते. तिथे पण एक पायरी लिहा ना, प्लीज. ट्रॅकचं राहू द्या."

"शाळेपाशी पण एक हवी," एक बाई म्हणाल्या. "बारकी पोरं फुटपाथवर चढता येत नाही म्हणून वाहत्या रस्त्यातून चालतात."

"बसस्टॉपला!"

"पोस्टापुढं!"

"आमच्या गणपतीच्या देवळासमोर लिहा," तात्याराव म्हणाले. "देव दिसतो, पोचता येत नाही."

अभियंता 'एकेक, एकेक' म्हणत भराभर लिहीत होता. शेवटी त्यानं पेन थांबवलं, क्षणभर विचार केला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "दवाखान्यासमोर एक लागेल. माझ्या वडिलांना तिथं दोघांनी धरून चढवावं लागतं." मग मान वर करून तो मोठ्यानं म्हणाला, "झालं की हो काम मोठं! आता अंदाजपत्रकात बसतंय. पण आजी, पहिली तुमची."

मैनाबाईंनी हात जोडले.

उन्हाळ्यात पायरी झाली. रुंद, भक्कम, धरायला लोखंडी कठडा आणि खालून गटाराला वाट. सिमेंट ओलं होतं तोवर गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीनं पाणी मारलं. पायरी वाळल्यावर दुर्गाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कठडा धरला आणि मैनाबाईंनी पुढं केलेला हात बाजूला सारून त्या वर आल्या.

वर आल्यावर त्या थांबल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेकडेनं चालत सुटल्या. मैनाबाई मागून धावल्या. कोपऱ्यावर एका कंपनीची नवी इमारत उभी होती, खालपासून वरपर्यंत काचेची. दुर्गाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काचेत हिरव्या लुगड्यातली म्हातारी, मागं धापा टाकणारी जाऊ आणि त्यांच्यामागं सगळा वाहता रस्ता. त्यांनी कुंकू बोटानं नीट केलं. बट कानामागं सारली. एका अंगानं वळून बघितलं, मग दुसऱ्या अंगानं.

दाराशी बसलेला वॉचमन हसत पुढं आला. "आजी, आतून सगळं दिसतं बरं का. आख्खं ऑफिस बघतंय तुमच्याकडं."

दुर्गाबाईंनी काचेवरची नजर काढली नाही.

"बघू दे की," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी नटलीया."