ओठांवरची घोषणा

“घोषणेचा आवाज निघाला, की थेट गाडीत घालीन!” टाळं ठोकलेल्या गिरणीच्या फाटकावर फौजदारानं दंडुका आपटला. समोर जमलेल्या कामगार बायका गप्प झाल्या.

मग सुभद्राबाईंचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. वाइंडिंग खात्यातल्या यंत्रांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून या बायका जन्मभर अशाच बोलत आल्या होत्या. सासूच्या कागाळ्या, पोरींची लग्नं, मुकादमाला शिव्या, सगळं ओठांवरच. बघता बघता सगळ्याजणींचे ओठ एका तालात हलू लागले. मुठी वर गेल्या.

“काय चाललंय यांचं?” फौजदारानं शेजारी उभ्या मुकादमाला विचारलं.

मुकादम मालकाचा माणूस, पण याच खात्यातून वर चढलेला. त्याला शब्दन्‌शब्द कळत होता. “राहू द्या, साहेब,” तो पुटपुटला.

“अरे, सांग म्हणतो ना! मोठ्यानं सांग!”

सुभद्राबाई आता थेट मुकादमाकडेच बघत होत्या. शेवटी तो गरजला,

“गिरणी आमच्या घामाची, नाही कुणाच्या बापाची!”

मग कुणी हात लावायच्या आत तो स्वतःच गाडीत जाऊन बसला.