फक्त एकीलाच

कटिंगच्या खोलीची खिडकी उघडत नाही, पण कोपऱ्यातली काच पुसली की खाली मागच्या अंगणातली पाण्याची टाकी दिसते. सुट्टीचा भोंगा होऊन दहा मिनिटं झाली होती आणि दोघीजणी त्या काचेला नाक लावून उभ्या होत्या. एक कटिंगवाली मावशी, दुसरी काजू. काजू हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्टांना बटणांची काजं करते म्हणून सगळ्या तिला काजू म्हणतात.

"नक्की एकीलाच सांगितलंस ना?" मावशीने तिसऱ्यांदा विचारलं.

"फक्त इस्त्रीवालीला. गुरुवारी, सुट्टीनंतर, टाकीपाशी. दुसऱ्या कुणाला बोलले असेन तर जीभ झडो माझी."

बैठक वगैरे काही नव्हतीच. या कारखान्याचं मागचं दार कामाच्या वेळी बाहेरून कुलूप लावून बंद ठेवतात. तीन महिन्यांपूर्वी एक मोटर जळून धूर झाला, तेव्हा पस्तीस बायका त्या दारावर धडका देत राहिल्या. तेव्हापासून या दोघी सरकारी कचेरीत द्यायच्या अर्जावर सह्या गोळा करत होत्या. पण तीनदा जमायचं ठरलं आणि तीनही वेळा मालक आधीच तिथे हजर. सह्या केलेल्या दुसऱ्या दोघींची कामं गेली. आपल्यातच कुणीतरी हेर आहे, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मावशीचा संशय इस्त्रीवालीवर होता. का, तर ती गप्प असते. गप्प बसणाऱ्यावर संशय घ्यायला काय लागतं?

काजूला ते पटत नव्हतं. नऊ वर्षं ती इस्त्रीवालीच्या डब्यातलं अर्धं खात आली होती. मालक येऊ नये, येऊ नये, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

मालक आला. टाकीला टेकून उभा राहिला आणि घड्याळात पाहू लागला.

मागोमाग इस्त्रीवाली आली. त्याला बघून जागीच थबकली, मग मान खाली घालून काहीतरी बोलली. वरून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मावशी म्हणाली. उद्या सकाळी सगळ्यांसमोर हिचं नाव घेते, मग बघू ही बया कारखान्यात कशी टिकते, असंही म्हणाली.

फाटकापाशी इस्त्रीवालीने दोघींना धावत गाठलं. तिला धाप लागली होती. टाकीकडे जाऊ नका, तो उभा आहे, मी पाणी भरायला आले असं सांगून कशीबशी सुटले, असं ती एका दमात बोलून गेली. मावशी तोंड फिरवून चालायला लागली. काजूला बोलायचं नव्हतं, पण राग आणि लाज एकदम आली की तोंडाला कुठला लगाम.

"उद्यापासून माझ्याजवळ डबा घेऊन बसू नकोस."

इस्त्रीवाली आधी हसली. तिला थट्टाच वाटली. मग काजूचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. तिने काही विचारलं नाही. गप्पच असते ती.

काजू घरी पोचली तेव्हा नवरा टीव्हीसमोर बसला होता. वर्षभर बिनकामाचा घरी होता, दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा गोदामात लागला. गोदाम कुणाचं, ते तिने खोदून विचारलं नाही. लागला हेच खूप. आणि तेव्हापासून माणूस बदललाच. अकरा वर्षांत 'हं'च्या पुढे न गेलेला नवरा हल्ली टीव्हीचा आवाज बारीक करून तिचं ऐकायचा. कोण काय म्हणालं, कुणी सही केली, सगळं विचारायचा. तिला त्याचं केवढं कौतुक. उशिरा का होईना देव पावला गं, असं ती हरखून सांगायची. तेही इस्त्रीवालीलाच.

आजही त्याने आवाज बारीक केला. उठून तिला पाण्याचा पेला आणून दिला.

"मग, टाकीपाशी किती जणी आल्या?"

पेला तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला. सोमवारी याच खोलीत त्याने पुढची बैठक कधी म्हणून विचारलं होतं. मैत्रिणीची परीक्षा घेतेय हे सांगायची लाज वाटली, म्हणून तिने त्यालाही तेच ठोकून दिलं होतं. गुरुवारी, सुट्टीनंतर, टाकीपाशी. मावशीने तीन-तीनदा विचारलं तेव्हा हा आठवलासुद्धा नाही. घरच्या माणसाला कुणी मोजतं का?

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता, अगदी मायेने.

"कुणीच आलं नाही," ती म्हणाली.

"अगं, मग आता कधी?"

काजूने घोटभर पाणी पिऊन घेतलं. पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं.

"शनिवारी. जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली," ती म्हणाली. "आणि अहो, हे अजून मावशीलाही माहीत नाही. फक्त तुम्हाला सांगतेय."

त्याने मान डोलावली आणि टीव्हीचा आवाज परत मोठा केला.