तिथे शोधू नकोस

“परदेशी डेटाबेसच बघ. आपल्याकडच्या त्या डेटाबेसमध्ये नुसता कचरा आहे,” गाइड सरांनी पुन्हा बजावलं, तेव्हा शाल्मलीच्या मनात पाल चुकचुकली. एरवी ‘एकही संदर्भ सोडायचा नाही’ म्हणून पीएचडीवाल्यांच्या डोक्यावर बसणारा हा माणूस!

लायब्ररीत तिने नेमका तोच उघडला आणि ‘वीरगळ’ टाइप केलं. पहिलाच लेख सरांचा निघाला, गेल्या महिन्यातला. विषय तिचा, गावंही तिचीच. योगायोग असेल म्हणत ती फोटोंपर्यंत आली. देवळामागचा वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, आणि कोपऱ्यात अंगठा तुटलेली निळी चप्पल.

तिने तपासायला दिलेल्या प्रबंधाच्या प्रकरणातलाच तो फोटो. त्याचा कोपरा कापून टाकायचीही तसदी सरांनी घेतली नव्हती.

मागून त्यांचा आवाज आला, “काय गं, सापडलं का काही?”

“हो सर. माझी चप्पल.”