लाल दोऱ्याचं बटण

"अरे, बटणं आधी काढा, मग कात्री लावा. किती वेळा सांगायचं?" पुस्तकातून मान वर न काढताच स्तेफामावशी ओरडली आणि पुन्हा बोकडाच्या गोष्टीकडे वळली.

ग्रंथालयात मुलांच्या खोलीत दर शनिवारी गोष्ट असायची. लढाई सुरू झाली तरी गोष्ट बंद पडली नाही. फक्त आता गालिच्यावर कुणी बसत नव्हतं. पुस्तकांच्या दोन कपाटांमध्ये लाकडी चौकट उभी होती, तिच्यावर मासे धरायचं जाळं ताणलेलं, आणि मावशी वाचत असताना पोरं त्यात जुन्या कपड्यांच्या हिरव्या-तपकिरी चिंध्या गाठत होती. आघाडीवर तोफा झाकायला अशी जाळी लागतात. लागतात म्हणजे काय, कितीही केली तरी कमीच पडतात.

सगळ्यांत चपळ हात ओरिस्याचा. तेरा वर्षांची, आईविना वाढलेली पोर. तिचा बाप ओस्ताप उन्हाळा सरता सरता आघाडीवर शत्रूच्या हाती सापडला, कैदेत आहे, असं आजीनं तिला सांगितलं होतं. कैद्यांची अदलाबदल झाली की ओरिस्या मोबाईलवर बसमधून उतरणारा एकेक चेहरा निरखून बघायची. डोकी भादरलेली, गालफडं बसलेली माणसं. त्यांत बाप नसायचा. आज नाही तर पुढच्या वेळी, असं म्हणून ती शनिवारी पुन्हा जाळ्यापाशी उभी राहायची. आला की त्याला सांगायचं होतं ना, तुम्ही तिकडे लपत होता ते आम्हीच गाठलेल्या जाळ्याखाली!

"माल आला, माल!" पोरांतला मार्क्यान दारातून एक भलं मोठं गाठोडं ओढत आला. "चर्चकडचं आहे. म्हणजे मेलेल्यांचं. हात धुऊन जेवा रे सगळ्यांनी."

"जिभेला काही हाड?" मावशी म्हणाली. "त्यांचं होतं, आता जिवंतांच्या उपयोगी पडतंय."

रीतच आहे ती आमच्याकडे. माणूस गेला की चाळीस दिवस त्याच्या कपड्यांना हात लावायचा नाही, मग ते चर्चमध्ये नेऊन द्यायचे. जिवंत माणसाचा मात्र रुमालसुद्धा द्यायचा नाही. दिला तर तो घरी परतत नाही, असं म्हाताऱ्या सांगतात, आणि ओरिस्याची आजी तर त्या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. पूर्वी ते कपडे गोरगरिबांना जायचे. हल्ली पाद्रीबाबा त्यातलं हिरवं दिसेल ते ग्रंथालयाकडे धाडून देतात. म्हाताऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार?

ओरिस्यानं गाठोड्यात हात घातला. शेवाळी रंगाचा एक शर्ट निघाला. असले शर्ट गावात घरोघरी असतील. तिनं तो मांडीवर पसरला आणि बटणं कापायला घेतली. पहिलं सहज सुटलं. दुसरं लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं.

ते तिनंच शिवलं होतं. बाप सुट्टीवर आला होता तेव्हा. हिरवा दोरा सापडेना म्हणून ती रडकुंडीला आली होती, तर बाप हसून म्हणाला होता, "असू दे लाल! जत्रेत हरवलो तर ओळखशील तरी."

आणि मग तिला तो गहू आठवला. नाताळ अजून कितीतरी लांब असताना आजीनं गेल्या आठवड्यात मध घालून गहू शिजवला होता. तसा गहू नाताळात करतात, नाहीतर मेलेल्याच्या नावानं. "खावासा वाटला गं," एवढंच आजी म्हणाली होती. स्वतः तिनं एक घास खाल्ला. ओरिस्यानं दोनदा वाढून घेतला होता.

"काय गं, कात्री बोथट झाली का?" मार्क्याननं विचारलं.

स्तेफामावशीनं मान वर केली. तिला तो शर्ट दिसला, लाल दोरा दिसला, पोरीचा चेहरा दिसला. तिनं पुस्तक मिटलं.

"दे गं इकडे. तो राहू दे."

"कशाला राहू दे?" ओरिस्या म्हणाली. "हिरवा आहे ना? पुरत नाही म्हणता ना?"

तिला खरं तर धावत घरी जायचं होतं, आजीला गदागदा हलवून विचारायचं होतं, मला का फसवलंस? तिनं लाल दोऱ्याचं बटण कापून खिशात टाकलं आणि शर्टाच्या बाहीत कात्री घातली. मग एकेक पट्टी स्वतःच जाळ्यात गाठली, कुणाला हात लावू दिला नाही. मावशीनं पुन्हा पुस्तक उघडलं, पण बोकड काही पुढे सरकेना. एकच ओळ तिनं तीनदा वाचली. पोरं हसली.

आजी नेहमीसारखी ग्रंथालयाबाहेर पायऱ्यांपाशी उभी होती, खसखशीचा पाव फडक्यात गुंडाळून.

"काही कळलं, आजी?" ओरिस्यानं विचारलं. दर शनिवारी विचारायची तसंच.

"कळेल की. पुढच्या खेपेला सोडतील बघ." आजीनं डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. "मी कालच त्याचे कपडे धुऊन कपाटात लावलेत. तो शेवाळी शर्टसुद्धा. आल्या आल्या तोच मागेल, लबाड!"

ओरिस्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारी पाव पुढे करत होती, आणि या जगात आता ओरिस्याला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिनं पाव घेतला, अर्धा मोडून आजीला दिला.

"त्या शर्टाचं वरून दुसरं बटण सैल झालंय, आजी," ती म्हणाली. "बाबा यायच्या आत घट्ट करून ठेव हं."

"ठेवते गं बाई, आजच ठेवते," आजी म्हणाली. "लाल दोरा आहे अजून घरात."