शिवणारा हात

"कळलं की 'हो' म्हणा, काका," म्हणत टेक्निशियनने थरथरणारी दांडी शिंप्याच्या उजव्या तर्जनीला लावली.

साऱ्या गावाची मापं घेणारा शिंपी आज स्वतःचं माप द्यायला दवाखान्यात पडद्याआड आडवा झाला होता. वर्षभर अंथरुणात गडी ढेपाळत होता. खालची शीरच मेली असेल, ही त्याची धास्ती. पडद्याबाहेर त्याची विजार मांडीवर घेऊन बायको बसली होती. तिची धास्ती उलटी. शीर धडधाकट निघाली तर? मग या माणसाचं आपल्यावरचं मनच उडालं म्हणायचं.

आधी बोटाला कंप कळतो का बघायचं, मग खाली, अशी ती तपासणी. यंत्राचा काटा चढत गेला. 'हो' काही येईना.

"काका, झोप लागली का?"

"जागा आहे रे. ते बोट सोड. पस्तीस वर्षं सुई धरून घट्टा पडलाय, लाकूड झालंय त्याचं. डावं घे."

डाव्या बोटाला काटा हलतो न हलतो तोच 'हो' आला. मग खाली. तिथेही लगेच "हो", आणि टेक्निशियनने खात्रीसाठी पुन्हा दांडी लावली तेव्हा जरा लाजत, "हो म्हटलं ना!"

"शीर ठणठणीत आहे, काका. रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असं होतं. डॉक्टर बघतील."

बायकोने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. पडद्यातून विजार आत सरकवली.

पट्टा आवळत, परीक्षेत पास झाल्यासारखा शिंपी बाहेर आला. तिचे डोळे भरलेले पाहून गडबडला. हात पुढे करून त्याने तिच्या कपाळावरची बट मागे सारली.

"आत्ताही डावाच," ती म्हणाली. "उजवा हात साऱ्या जगाचं शिवतो, मला तेवढा कधी शिवत नाही. मन उडालंय तर सरळ सांगा ना."

शिंप्याने ते उजवं बोट तिच्यापुढे धरलं.

"याला तू कळत नाहीस गं," तो म्हणाला. "म्हणून."

 जिना उतरताना ती नेहमीसारखी त्याच्या उजवीकडे होती. रस्त्यावर आल्यावर मात्र मागून वळसा घालून डावीकडे आली.