त्रिधारी निवडुंग

शहरात घरी फक्त निवडुंग ठेवायची परवानगी उरली होती. बाकीची झाडं पाणी पितात म्हणून उपटली जात. तपासनीस गोविलकर सरांनी सात वर्षांच्या मनवाच्या चार कुंड्या पास केल्या.

“काट्याच्या बुडाशी कापसासारखी गादी दिसली ना? खऱ्या निवडुंगाला ती असते, आणि पांढरा चीक नसतो.”

“आणि हा त्रिधारी निवडुंग? आई गेली तेव्हापासून मीच सांभाळते.”

सरांनी टाचणी टोचली. पांढरा चीक आला. तो त्यांनी रुमालाने झटकन टिपला आणि कागदावर ‘निवडुंग’ लिहायला घेतलं.

“अहो सर, चीक आला की! गादीपण नाहीये,” मनवा आनंदाने ओरडली. “म्हणजे हा निवडुंग नाहीच!”

“शाबास,” सर कसेबसे म्हणाले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शिपायाने कुंडी उचलली.